प्रोसेस व्यवस्थापन (कमांड लाइनवरून)

संगणकावर चालू असलेले प्रोग्रॅम कीबोर्डवरून आज्ञा देऊन पाहणे, मागे ढकलणे, थांबवणे वा बंद करणे. ही पद्धत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांच्या हातून १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्समधून आली; लिनक्सने ती जवळपास तशीच ठेवली.

चालू प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात. प्रत्येक प्रोसेसला कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, एक क्रमांक (पीआयडी) देतो. ‘पीएस’ ही आज्ञा त्या क्षणाची यादी दाखवते, तर ‘टॉप’ सतत ताजी होणारी. प्राधान्य ‘नाइस’ने ठरते, त्याचे आकडे उणे २० ते १९. आकडा जितका मोठा, तितकी ती प्रोसेस इतरांना आधी वाट देते.

सर्वांत जपून वापरायची आज्ञा ‘किल’. ती प्रोसेसला सिग्नल पाठवते. क्रमांक न दिल्यास १५वा सिग्नल जातो. तो मिळाल्यावर प्रोग्रॅमला फाइली नीट बंद करून, आवरून संपण्याची संधी असते. ९व्या सिग्नलात ती संधी नाही. कर्नल प्रोसेस थेट संपवतो आणि अर्धवट लिहिलेली फाइल अर्धवटच राहते. अनेक जण सवयीने पहिलाच घाव ९चा घालतात, ते चूक आहे. आधी १५, थोडी वाट, मगच ९.

महासंगणकही हाच क्रम पाळतो. पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. त्याच मालिकेतील ‘परम ब्रह्म’ २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत आला. तेथे लिनक्स असून कामांची रांग ‘स्लर्म’ ही प्रणाली लावते. काम ‘एसबॅच’ने सोपवायचे, ‘एसक्यू’ने पाहायचे, ‘एसकॅन्सल’ने रद्द करायचे. रद्द केलेल्या चालू कामाला स्लर्म आधी १५वा सिग्नल देते, मूळ मांडणीनुसार ३० सेकंद थांबते आणि मग ९वा धाडते.

वैरागसारख्या (ता. बार्शी, जि. सोलापूर) गावातून दूरच्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांची खरी अडचण वेगळी: मध्येच तुटणारी जोडणी. जोडणी गेली की त्या सत्रातील प्रोसेसना सहसा पहिला, ‘हँगअप’ सिग्नल मिळतो आणि तासन्‌तास चाललेले काम बंद पडते. त्यामुळे लांबलचक काम ‘नोहप’ लावून किंवा ‘टीमक्स’च्या सत्रातच सुरू करावे.

यादीत कधी ‘झोंबी’ प्रोसेस दिसते. ती आधीच संपलेली असते, उरते फक्त यादीतली नोंद; म्हणून ती ९नेही जात नाही. तिची जनक प्रोसेस (जिने तिला सुरू केले ती) बंद केली, की नोंद पुसण्याचे काम सहसा पीआयडी १कडे, म्हणजे सर्वांत आधी सुरू होणाऱ्या प्रोसेसकडे जाते.