मिनिटांची वही

खो-खोच्या गुणतक्त्यात खेळाडूच्या नावापुढे आधी मिनिटं लिहितात, मग टिपलेले गडी. अमकी दोन मिनिटं दहा सेकंद पळाली आणि तीन गडी बाद केले, अशी ओळ मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानावर माझ्या लहानपणीही असायची. गोल, रन, बास्केट, सगळीकडे काय मिळवलं ते मोजतात. आमच्याकडे किती वेळ हाती लागला नाहीस ते मोजतात. भूम तालुक्यातल्या ईटच्या शाळेत पी.टी. शिकवताना माझ्या हातात शिट्टी आणि स्टॉपवॉच असायचं, आणि खरं सांगायचं तर शिट्टीपेक्षा घड्याळाचंच काम जास्त.

या मोजण्याचा इतिहास पुण्यात सुरू होतो. खेळ जुना, पण 1914 साली डेक्कन जिमखान्याने त्याला नियमांत बसवलं. सुरुवातीला मैदानाच्या टोकांना खांबसुद्धा नव्हते, आणि काही वर्षं मैदान लंबवर्तुळाकार होतं. 1924 मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने नियमांचं पुस्तक काढलं. 1936 ला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आलं. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा मात्र 1959-60 उजाडल्यावर, विजयवाड्याला.

हे नियम घडत होते तेव्हा आमचा भूम तालुका कुठे होता? 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. माझे वडील खेळायचे त्या खो-खोत चिंचेची दोन झाडं म्हणजे खांब, आणि भांडण मिटवायला जो थांबला तो पंच. नियम, पाट्या, फक्कीच्या रेषा, गुणतक्ता हे सगळं आमच्या गावात शाळेच्या वाटेने आलं. ते टिकलं याचं कारण मी भावनेत शोधत नाही. दोन खांब आणि चुन्याची पिशवी एवढाच खर्च. बास्केटबॉलला बोर्ड हवा, रिंग हवी, उसळी मारणारी पक्की जमीन हवी. आमच्या मुरमावर चेंडू उसळतो, पण कुठे जाईल ते त्यालाही माहीत नसतं.

लहान गटांची तर वेगळीच गंमत. 14 वर्षांखालचे किशोर-किशोरी आणि 18 खालचे कुमार-मुली. एके काळी या गटांत नुसता जन्मदाखला चालत नसे. वय, उंची आणि वजन यांची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या आत बसावी लागे. स्पर्धा जवळ आली की आमची पोरं आडत दुकानातल्या काट्यावर चढायची, आणि ज्या तालुक्याचं नाव खव्यासाठी घेतात तिथली आई पोराला दूध देऊ की नको असं मला विचारायची! मी 'द्या' म्हणायचो. एखादा गडी बेरजेत बसला नाही तर पुढच्या गटात खेळेल, पण उपाशी पळणाऱ्याचा पाय तिसऱ्या मिनिटाला जड होतो. या वयोगटांच्या राष्ट्रीय स्पर्धांत सर्वोत्कृष्ट खेळाडूला पुरस्कार असतात: किशोरांसाठी भरत, किशोरींसाठी इला, कुमारांसाठी वीर अभिमन्यू आणि मुलींसाठी जानकी. अभिमन्यूचं नाव कोणी सुचवलं देव जाणे. चक्रव्यूहातून बाहेर पडता न आलेल्या माणसाचं नाव पळतीच्या खेळाला!

आमच्या धाराशिव जिल्ह्याचं नाव या खेळात मोठं झालं ते मुलींमुळे. सारिका काळे ही धाराशिवची, प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या तालमीतली. घरात दिवसातून एकदाच जेवण मिळायचं अशी वर्षं तिने काढली, हे तिनेच सांगितलं आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचा पहिल्यांदा समावेश झाला, तेव्हा भारतीय महिला संघाची कर्णधार तीच होती आणि सुवर्णपदक घेऊन परतली. 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याआधीचा खो-खोतला अर्जुन 1998 चा, शोभा नारायण यांचा. मधली बावीस वर्षं खेळ थांबला नव्हता, दिल्लीला दिसत नव्हता एवढंच. करोनामुळे तो सोहळाही पडद्यावरच झाला. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा सारिका तुळजापूरला क्रीडा अधिकारी होती. त्या आठवड्यात आमच्या मैदानावर अंतर राखून का होईना, मुलींची संख्या वाढली. आधी 'पोरगी पळून काय मिळवणार' म्हणणारे बापही कुंपणापाशी उभे राहू लागले.

जुन्या पद्धतीत नऊ-नऊ मिनिटांचे डाव. आठ जण पाट्यांवर पाठमोरे-सामोरे बसलेले, नववा धावतोय, आणि पळणारे तिघा-तिघांच्या तुकड्यांनी आत येतात. एक गडी, एक गुण. पळणाऱ्याच्या मिनिटांना गुण नाहीत, पण त्यांची किंमत सगळ्यांना कळते, कारण तू खाल्लेली दोन मिनिटं समोरच्याला पुन्हा मिळत नाहीत. जादा डावातही बरोबरी झाली तर 'लघुत्तम आक्रमण': पहिला गडी कोणी कमी वेळात टिपला ते बघायचं. तिथे एक मुलगी अर्धा सेकंद जास्त टिकली म्हणून चषक आलेला आहे.

खो-खोच्या गुणतक्त्यातली एक उणीव मला कायम डाचली. बास्केटबॉलच्या कुठल्याही आंतरराष्ट्रीय युवा सामन्याचा तक्ता बघा. टोपलीत चेंडू टाकणारा असतोच, पण त्याला नेमका पास देणाराही नावानिशी असतो. खो-खोत सूर मारून गडी टिपणारी दिसते. तिला योग्य क्षणी खो देणारी, पळणारीला हुलकावणी देऊन बरोबर त्या बाजूला वळवणारी, कागदावर कुठेच नसते. म्हणून मी माझ्या वहीत एक रकाना जादा आखला होता: शेवटचा खो कोणाचा. जिल्हा निवडीच्या वेळी तो कोणी मागितला नाही.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. मॅटवर, प्रकाशझोतात, सात-सात खेळाडूंची, सात-सात मिनिटांच्या चार पाळ्यांची. भारतीय महिला संघाची प्रियांका इंगळे कर्णधार, आणि संघात आमच्या धाराशिवची अश्विनी शिंदे. मुलींनी दक्षिण कोरियाला 175-18 ने हरवून सुरुवात केली आणि अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं नमवलं. आता एका गड्याला दोन गुण आणि मिनिटांनाही गुण: तुकडी तीन मिनिटं टिकली की एक, पुढच्या दर अर्ध्या मिनिटाला आणखी एक. त्याला 'ड्रीम रन' म्हणतात. अंतिम सामन्यात कर्नाटकची चैत्रा आणि तिची तुकडी पाच मिनिटं चौदा सेकंद हाती लागली नाही, तेव्हा 73 चे 78 झाले.

मिनिटांना गुण मिळाले याचा मला आनंदच आहे. पण हिशोब पटत नाही. सात मिनिटांच्या पाळीतली पाच मिनिटं समोरच्या संघाला रिकाम्या हाताने फिरवलं, त्याचे पाच गुण. आणि तीन गडी टिपले तर सहा. पहिली अडीच मिनिटं पळून बाद होणाऱ्या तुकडीला तर काहीच नाही, शून्य. मला विचारलं असतं तर दर मिनिटाला एक गुण दिला असता, पहिल्या मिनिटापासून, आणि शेवटचा खो देणारीला अर्धा.