वस्तानचे कानखडे

सुरतेच्या ईशान्येला, मांगरोळ तालुक्यात वस्तानची लिग्नाइटची खाण आहे. तिचं नाव झालं ते तिथल्या वटवाघळांच्या जीवाश्मांमुळे, आणि घोड्या-गेंड्यांच्या एका दूरच्या नातलगामुळे. खंबातवरून त्याला 'कॅम्बेथेरियम' म्हणतात. झाडाच्या राळेत अडकलेले किडेसुद्धा गाजले. मी सूक्ष्मजीवाश्मांत जन्म घालवलेली बाई. मला वस्तान म्हटलं की माशांच्या कानातले खडे आठवतात. त्यांची बातमी कुणी छापली नाही.

घोळीचं डोकं आवडीने खाणाऱ्यांना हे खडे ठाऊक असतात. माझी आई ते ताटाच्या कडेला काढून ठेवायची. ते हाड नव्हेच. अ‍ॅरागोनाइट नावाच्या चुनखनिजाचा तो खडा. तोल आणि आवाज कळायला माशाला असे तीन जोड असतात. घोळ, ढोम्यात त्यातला एक जोड चांगलाच मोठा, तर शिंगाळ्यात मोठा होतो तो दुसराच. जातीगणिक आकार वेगळा, बाजूची खाच वेगळी. १८८४ साली अर्न्स्ट कोकेन या जर्मन अभ्यासकाने नुसत्या खड्यांवरून लुप्त मासे ओळखायला घेतले, तिथून ही विद्या मार्गी लागली.

वस्तानच्या खड्यांवर नोल्फ, राणा आणि सिंग यांचा अभ्यास २००६ साली आला. सुमारे ५.४ कोटी वर्षांपूर्वीचा हा किनारा; उथळ, दलदलीचा, भरतीचं पाणी आत-बाहेर करणारा. सस्तन प्राणी काठावरचे, पुराने वाहून आलेले असू शकतात. पाणी खारं की मचूळ, हे त्यांना काय विचारायचं? ते माशांना विचारावं.

कोळशाच्या थरात मात्र खडे शोधू नयेत. तिथलं आम्ल चुना खाऊन टाकतं. शिंपल्यांचा चुरा असलेली चिकणमाती घ्यायची, कडक वाळवायची, मग पाण्यात टाकायची. ती आपोआप विरघळत बसते. बारीक चाळणीतून धुतलेला गाळ सुकवून सूक्ष्मदर्शकाखाली पसरायचा आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कण उचलायचा. वाळूच्या दाण्यात खडा लपतो, पण त्याची खाच उजेडात तिरपी सावली टाकते. मान अवघडते, डोळे चुरचुरतात, तक्रार नाही.

खड्यालाही डोळे झाकून मानू नये. मासे खाणाऱ्या प्राण्याच्या विष्ठेतून तो दूरवर जातो. अशा खड्याची कड झिजलेली, पृष्ठभाग खरबरीत दिसतो. तो मी बाजूला ठेवते.

खड्यावर रोज एक पापुद्रा चढतो, हे पॅनेला या अभ्यासकाने १९७१ साली दाखवलं. पाण्यातलं स्ट्राँशियम हे मूलद्रव्य त्या पापुद्र्यांत उतरतं; समुद्रात ते जास्त, नदीत सहसा कमी. त्यामुळे गाभ्यापासून कडेपर्यंत मोजत गेलं तर मासा कधी खाडीत होता, कधी बाहेर पडला, याचा अंदाज येतो. अट एकच, अ‍ॅरागोनाइट मूळचं हवं. कोट्यवधी वर्षांत त्याचं कॅल्साइट झालं असेल तर आत लिहिलेलं सगळं पुसलं गेलं. म्हणून आधी क्ष-किरणांची तपासणी, आणि त्यात पास झाला तरच खड्याचा काप.