जुन्या पिकअपचा डिझेलपुरवठा थांबला? पंप खोलण्यापूर्वी तारा तपासा

नाशिक परिसरातून टोमॅटोचे क्रेट भरून रात्री निघालेली पिकअप पहाटेपूर्वी वाशीच्या बाजार समितीत पोहोचली, तरच मालाला बरा भाव मिळण्याची आशा असते. अशी गाडी कसारा घाटाच्या अलीकडे एकाएकी बंद पडते. दिवे लागतात, सेल्फ नीट फिरतो, टाकीत पुरेसे डिझेलही आहे. इंजिन मात्र सुरू होत नाही. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये 'पंप गेला' असे निदान होते, डिझेल पंप उतरवून दुरुस्तीला पाठवला जातो आणि दोन दिवसांनी गाडी हाती येते. तोवर माल खराब झालेला असतो. पुष्कळदा पंपात काहीच बिघाड नसतो. पंपावरील सोलेनॉइडपर्यंत वीज पोहोचत नसते. दहा मिनिटांच्या तपासणीत हे ओळखता येते. ती तपासणी कशी करावी, याची ही माहिती.

टाटा २०७, महिंद्रा बोलेरो पिकअप आणि तत्सम गाड्यांपैकी यांत्रिक डिझेल पंप असलेल्या जुन्या गाड्या येथे प्रामुख्याने विचारात घेतल्या आहेत. इंजिन बंद करण्यासाठी हाताने ओढायची केबल असलेल्या गाड्यांना सोलेनॉइडविषयीचा भाग लागू होत नाही.

सोलेनॉइडचे काम

यांत्रिक पंपाला डिझेल दाबाने फेकण्यासाठी विजेची गरज नसते. ते काम इंजिनच्या फिरण्यातून होते. परंतु चावी बंद केल्यावर इंजिन थांबावे, यासाठी पंपावर एक विद्युत झडप बसवलेली असते. तिलाच सोलेनॉइड म्हणतात. आत तारेची कॉइल, लोखंडी दांडा आणि स्प्रिंग एवढेच भाग असतात. चावी चालू केली, की कॉइलला १२ व्होल्ट मिळतात, दांडा खेचला जातो आणि डिझेलचा मार्ग मोकळा होतो. वीज तुटली, की स्प्रिंग दांड्याला मागे ढकलते, मार्ग बंद होतो आणि इंजिन थांबते. म्हणजेच एक फ्यूज उडाला किंवा एक तार तुटली, तरी सुस्थितीतील पंप आणि इंजिन जागच्या जागी बंद पडतात.

काही पंपांवर याच्या उलट रचना असते. तेथे इंजिन थांबवण्यासाठी वीज लागते. आपल्या गाडीत कोणती रचना आहे, हे गाडी चालू स्थितीत असतानाच पाहून ठेवावे. इंजिन मंद गतीवर ठेवून सोलेनॉइडची तार काढावी. इंजिन बंद पडल्यास ते चालण्यासाठी वीज लागते. चालूच राहिल्यास रचना उलट आहे. पुढील तपासणी पहिल्या, अधिक आढळणाऱ्या प्रकाराची आहे.

दोष विजेचा की डिझेलचा?

गाडी कशी बंद पडली, हे चालकाने आठवावे. चावी फिरवल्याप्रमाणे इंजिन क्षणात थांबले असेल, तर संशय विजेवर घ्यावा. आधी ओढ कमी झाली, चढावर झटके बसले, आवाज वरखाली झाला आणि मग गाडी थांबली असेल, तर फिल्टर चोंदणे, डिझेलमध्ये पाणी असणे किंवा गाडीने 'एअर घेणे' ही कारणे अधिक संभवतात. खड्ड्यात आदळल्यावर बंद पडणारी आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होणारी गाडी बहुधा सैल कपलरची किंवा आतून तुटलेल्या तारेची असते. इंजिन तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर सुरू होणाऱ्या गाडीत कॉइल तपासावी.

दुसरी खूण धुराची. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर डिझेल इंजिनपर्यंत पोहोचत आहे. बिघाड अन्यत्र शोधावा. मुळीच धूर नसेल, तर डिझेल पोहोचत नाही, असे समजून पुढे जावे.

तिसरी खूण आवाजाची. एकाने चावी बंद-चालू करावी आणि दुसऱ्याने सोलेनॉइडवर बोट ठेवावे. प्रत्येक वेळी 'टक' असा आवाज व हलका धक्का जाणवला, तर वीज पोहोचत असून दांडा हलत आहे. अशा वेळी फिल्टर, फीड पंप आणि नळ्यांकडे वळावे. 'टक' जाणवली नाही, तर मल्टिमीटर हाती घ्यावा.

मल्टिमीटरने क्रमवार तपासणी

साधा डिजिटल मल्टिमीटर या कामाला पुरतो. तो डीसी २० व्होल्टच्या खुणेवर ठेवावा.

१. बॅटरी : इंजिन बंद असताना पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास ती निम्मी उतरलेली असते. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल पाहावेत.

२. फ्यूज : फ्यूज डोळ्यांना ठीक दिसला, तरी चावी चालू ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना व्होल्टेज मोजावे. एकाच बाजूला असल्यास फ्यूज उडालेला आहे. नवा फ्यूज त्याच अँपिअरचा घालावा. तोही लगेच उडाला, तर पुढे कुठेतरी तार चेसिसला टेकत आहे.

३. रिले : या मार्गात रिले असल्यास त्याच क्रमांकाचा दुसरा रिले लावून पाहावा. रिलेवरील ८५ आणि ८६ ही टोके कॉइलची, तर ३० आणि ८७ ही प्रवाह पुढे नेणारी असतात. ३० वर व्होल्टेज आहे, रिले 'टक' करतो आणि ८७ वर काहीच मिळत नाही, याचा अर्थ आतील संपर्कबिंदू जळाले आहेत.

४. सोलेनॉइड : चावी चालू ठेवून, तार जोडलेल्या स्थितीतच सोलेनॉइडच्या टोकावर व्होल्टेज मोजावे. मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकावर धरावी. बॅटरीच्या तुलनेत अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक घट असल्यास मार्गात अडथळा आहे.

५. कॉइल : येथे पूर्ण व्होल्टेज मिळूनही 'टक' होत नसेल, तर चावी बंद करून, तार काढून कॉइलचा रोध ओहममध्ये मोजावा. मीटरने तुटलेले सर्किट दाखवले, तर कॉइल जळाली आहे. रोध योग्य असूनही दांडा हलत नसेल, तर तो अडकलेला असू शकतो. दोन्ही स्थितींत बहुतेक वेळा केवळ सोलेनॉइड बदलून भागते.

तार काढून मोजल्यास फसगत

चौथ्या पायरीत तार जोडलेलीच ठेवावी, यामागे कारण आहे. समजा, कॉइलचा रोध ८ ओहम आहे आणि वाटेतील एका गंजलेल्या कपलरने ४ ओहमचा रोध निर्माण केला आहे. एकूण १२ ओहममधून १२ व्होल्टला १ अँपिअर प्रवाह वाहील. त्यात ४ व्होल्ट गंजावर खर्च होतील आणि सोलेनॉइडला ८ व्होल्टच मिळतील. दांडा उचलला जाईल किंवा जाणारही नाही. उचलला गेला, तरी एखाद्या धक्क्याने सुटेल. आता तीच तार काढून मोजली, तर प्रवाह वाहतच नसल्याने गंजावर काहीही खर्च होत नाही आणि मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. तार चांगली असल्याचा समज होतो आणि दोष पंपावर ढकलला जातो. नळ बंद असताना अर्धवट चोंदलेल्या नळीतही पाण्याचा दाब पूर्ण असतो. नळ उघडल्यावरच खरी स्थिती कळते, तसाच हा प्रकार आहे.

अर्थ आणि गंज

परतीचा मार्गही तितकाच महत्त्वाचा असतो. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा आल्यास इंजिन व चेसिस यांमधील अर्थची पट्टी सैल, गंजलेली किंवा तुटलेली आहे. ती काढून, टोके पॉलिश पेपरने घासून पुन्हा घट्ट बसवावी.

कोकणातील खारी हवा, पावसाळ्यातील चिखल, उंदरांनी कुरतडलेल्या तारा, दाबाच्या पाण्याने धुताना कपलरमध्ये शिरलेले पाणी, तसेच म्युझिक सिस्टीम, हॉर्न किंवा जादा दिव्यांसाठी मधूनच तार सोलून घेतलेली जोडणी, ही बिघाडाची नेहमीची ठिकाणे आहेत. तारेचा रंग हिरवट वा काळपट झाला असेल, तर तेवढा भाग कापून नवी तार जोडावी. केवळ चिकटपट्टी गुंडाळल्याने गंज थांबत नाही.

डिझेलचा काटा चुकत असल्यास

टाकीतील फ्लोट डिझेलच्या पातळीप्रमाणे वरखाली होतो आणि त्यासोबत रोध बदलतो. त्यावर डॅशबोर्डवरील काटा चालतो. काटा एकाच जागी अडकला असेल, तर चावी चालू ठेवून टाकीवरील सेन्सरची तार काढावी, नंतर ती क्षणभरच चेसिसला टेकवावी. दोन वेळा काटा दोन विरुद्ध टोकांना गेला, तर काटा व तार ठीक आहेत; दोष फ्लोटमध्ये किंवा टाकीच्या अर्थमध्ये आहे. डिजिटल मीटर असलेल्या गाडीत हा प्रयोग करू नये. टाकीजवळ डिझेल गळत असेल, तर कुठल्याही गाडीत तारेची ठिणगी पडू देऊ नये.

थेट तारेचा धोका

रस्त्यात अडकलेल्या गाडीत बॅटरीपासून सोलेनॉइडपर्यंत थेट तार ओढून ती सुरू करण्याचा उपाय सर्रास केला जातो. दोष विजेचाच आहे, हे त्यातून सिद्ध होते. मात्र पुढे चावी फिरवून इंजिन बंद होत नाही. अपघातात गाडी उलटली, तरी इंजिन चालूच राहू शकते. तारेत फ्यूज नसल्यास ती घासून चेसिसला टेकताच लाल होते आणि आग लागू शकते. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा चमकी घालणे हेही तितकेच घातक आहे. नाइलाज असल्यास बॅटरीजवळ कमी अँपिअरचा फ्यूज आणि चालकाच्या हाताशी स्विच ठेवूनच अशी तार जोडावी व मुक्कामी पोहोचताच मूळ दोष काढावा.

कॉमन रेल गाड्यांबाबत

देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या कॉमन रेल पिकअपमध्ये फ्यूज, रिले, बॅटरी आणि अर्थ यांची वरील तपासणी तशीच उपयोगी पडते. परंतु तेथेच थांबावे. संगणकीय युनिटकडे जाणाऱ्या तारांना टेस्ट लॅम्प किंवा थेट वीज लावू नये. रेलमधील दाब १,००० बारपेक्षा अधिक असू शकतो. इंजिन चालू असताना नळी सैल केल्यास डिझेलची बारीक धार कातडीत शिरून गंभीर इजा होते. पुढील निदान स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्येच करून घ्यावे.

गाडीत काय ठेवावे

मल्टिमीटर, योग्य अँपिअरचे फ्यूज, एक जादा रिले, पॉलिश पेपर, दोन मीटर तार आणि पक्कड एवढे साहित्य चालकाच्या सीटखाली मावते. पंप उतरवण्यास संमती देण्यापूर्वी मालकाने कारागिराला एकच विचारावे : तार जोडलेली असताना सोलेनॉइडवर किती व्होल्ट मिळाले? आकडा सांगता आला नाही, तर तो मोजून घ्यावा आणि मगच पंपाला पाना लावू द्यावा.