अमक्याची बायको, तमक्याची आई

निवडणूक झाली की टक्केवारीची चर्चा सुरू होते. मतदान कमी झाले म्हणजे लोक उदासीन, एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. आमच्या समाजावर तर दोन आरोप एकाच तोंडाने होतात: मुसलमान गठ्ठ्याने मत देतो आणि मुसलमान मतदानालाच येत नाही. म्हणून थोडे मागे, स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभा निवडणुकीकडे पाहू.

२५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचलच्या डोंगरात सुरू झालेले मतदान फेब्रुवारी १९५२ मध्ये संपले. यादीत १७ कोटी ३२ लाख मतदार होते. मत दिले सुमारे ४५ टक्क्यांनी. निरक्षरता हे कारण सगळे सांगतात, आणि ते खोटे नाही. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्के होती. पण त्यावर उपाय केलेला होता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह, आणि मतपत्रिका त्या पेटीत टाकायची. अक्षर वाचावे लागत नव्हते.

आम्हाला दुसरे कारण अधिक मोठे वाटते. मत देण्याची सवयच नव्हती. १९३५ च्या कायद्याने मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या अटींत बसणाऱ्यालाच मत होते. डिसेंबर १९४५ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाच्या सर्व ३० मुस्लिम जागा लीगने जिंकल्या, त्या तर याहूनही आखूड यादीवर. ‘मुसलमानांनी पाकिस्तानला मत दिले’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकतो. मागावरचा विणकर, कुळाने जमीन कसणारा, टांगेवाला यांतल्या बहुतेकांना तेव्हा मतच नव्हते! राज्यघटनेने विभक्त मतदारसंघ मोडून एकच यादी केली, प्रौढ मताधिकार दिला, तेव्हा ही माणसे पहिल्यांदा मतदार झाली.

बायकांची गोष्ट वेगळी. जुन्या कायद्यात काही स्त्रियांना मत मिळे ते अटींत बसणाऱ्या पुरुषाची बायको म्हणून. नव्या यादीसाठी कारकून दारात आले तेव्हाही घरच्यांनी तेच सांगितले: अमक्याची बायको, तमक्याची आई. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी हे चालणार नाही असे ठरवले. बाईचे स्वतःचे नाव हवे. बिहारला महिनाभर मुदत वाढवून दिली. तरीही बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा प्रांतांतून सुमारे २८ लाख बायका यादीतून वगळाव्या लागल्या. याचा दोष पडद्यावर टाकणे सोपे आहे. पण परक्यापुढे बाईचे नाव घ्यायचे नाही, ही रीत सगळ्याच धर्मांच्या घरांत होती.

या २८ लाख बायका त्या ४५ टक्क्यांच्या हिशेबात कुठेच नाहीत. टक्केवारी काढतात ती यादीवरून. ज्याचे नाव यादीत नाही, तो गैरहजरही ठरत नाही.

वगळण्यावरून झालेली ओरड बरीच, पुढच्या वेळी लोक नावे सांगतील, असे सेन यांना वाटत होते. नावे पुढे आली, पाय मात्र हळू निघाले. १९६२ मध्ये पुरुषांचे मतदान ६३ टक्के, तर स्त्रियांचे जेमतेम ४७. २०१९ मध्ये प्रथमच स्त्रिया किंचित पुढे गेल्या.

आमच्या मोहल्ल्यांत आता नाव सांगायला कोणी लाजत नाही. अडचण लिहिण्यात आहे. शिधापत्रिकेवर फातमाबी, शाळेच्या दाखल्यावर फातिमा, मतदार यादीत फातेमा शेख. उर्दूतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत जाताना एकाच बाईच्या तीन बायका होतात.

२०२५ मध्ये बिहारमध्ये याद्यांची फेरतपासणी झाली, तेव्हा कच्च्या यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली. मृत, स्थलांतरित, दुबार अशी कारणे दिली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये आदेश दिला, तेव्हा ती नावे कारणांसह लोकांपुढे आली आणि ज्याला हरकत घ्यायची त्याला आपले नाव शोधता आले. १९५१ च्या त्या बायकांची तशी यादी लावता आली नसती. लावायला नावेच नव्हती.