मधला पांढरा पट्टा

केशरी, पांढरा आणि हिरवा हे तीन रंग आपल्या डोळ्यांस इतके सरावाचे झाले आहेत कीं, ते कोणी निवडले, खोडले आणि पुन्हां मांडले, याची आठवण फारशी कोणास होत नाहीं. आम्हां ख्रिस्ती जनांस तरी ती असावी. कारण त्यांतील एका पट्ट्यांत एके काळीं आमचा वांटा होता.

१९०७ च्या ऑगस्टांत जर्मनींतील स्टुटगार्ट येथें मादाम कामा यांनीं जें निशाण फडकविलें, त्यांत वर हिरवा, मध्यें केशरी आणि खालीं तांबडा असे पट्टे होते. पांढऱ्यास तेथें पट्टाच नव्हता. पुण्याच्या केसरी-मराठा संग्रहांत तें जपून ठेवलेलें आहे.

पुढें १९२१ सालीं बेझवाड्यास पिंगळी वेंकय्या यांनीं तांबड्या व हिरव्या रंगांचें निशाण गांधीजींस दाखविलें. तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा. मग उरलेल्यांचें काय? त्यांच्यासाठीं गांधीजींनीं पांढरा पट्टा घातला, आणि तोही सर्वांत वर. त्याखालीं हिरवा, तळाशीं तांबडा. बलिष्ठांनीं दुर्बळांची ढाल व्हावें, हा त्या क्रमामागील भाव होता. रंगसंगतीच्या दृष्टीनें मात्र ही मांडणी आम्हांस सदोष वाटते. वरचा पांढरा उजळ आकाशांत विरून जावयाचा आणि खालचे दोन गडद रंग एकमेकांस खेटून राहावयाचे. सणाच्या पताका कातरणाऱ्या कोणासही हें सांगावें लागणार नाहीं.

खरी अडचण वेगळीच होती. शिखांनीं आपलाही रंग मागितला, आणि मागणी न्याय्यच होती. पण प्रत्येक जमातीस एकेक पट्टा दिला असता तर निशाणाची गोधडी झाली असती! १९३१ सालीं कराचीच्या काँग्रेसनंतर सात जणांची समिति बसली. तींत काका कालेलकर व डॉ. हर्डीकर हेही होते. समितीनें सबंध केशरी निशाण सुचविलें. तें काँग्रेसच्या महासमितीस पटलें नाहीं. ऑगस्टांत मुंबईस तिनें निराळाच निर्णय केला: तांबड्याच्या जागीं केशरी येऊन तो वर गेला, पांढरा मध्यें आला, हिरवा खालीं राहिला, आणि रंगांस जातिवाचक अर्थ नाहीं असें स्पष्ट ठरलें. केशरी धैर्य व त्याग यांचा, पांढरा शांति व सत्य यांचा, हिरवा श्रद्धा व शौर्य यांचा.

म्हणजे आमचा पट्टा गेला. हें वाचतांना क्षणभर मन खट्टू होतें, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु ‘उरलेले’ म्हणून मिळालेली ती जागा होती. ती गेली तेव्हां उरलेपणही गेलें, आणि तिन्ही पट्टे सारखेच आमचे झाले. शिवाय मध्यें आलेल्या पांढऱ्यामुळें केशरी व हिरवा हे दोन्ही रंग खुलले.

२२ जुलै १९४७ रोजीं घटनासमितीपुढें हेंच निशाण आलें. चरख्याच्या जागीं अशोकाचें चक्र होतें. नेहरूंनीं दिलेलें कारण अगदीं कारागिराचें आहे: चरखा एका बाजूनें एक आणि दुसऱ्या बाजूनें उलट दिसतो, चक्र दोन्हीकडून सारखेंच. डॉ. राधाकृष्णन् यांनीं हिरव्या रंगाचें नातें माती व वनस्पति यांच्याशीं जोडलें. शेतकऱ्यास तो अर्थ अधिक जवळचा वाटेल. त्या समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्ती होते, आणि येशूसंघाचे फादर जेरोम डिसोझा तिचे सभासद होते. ठराव एकमतानें संमत झाला. सारे सभासद त्या वेळीं उभे राहिले होते.