युद्धाच्या कारणांचा वाद : मावळातील इंग्रज-मराठा संघर्ष (१७७५-१७८२) आणि रशिया-युक्रेन युद्ध

प्रस्तावना :

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या आणि त्या दिवसापासून या युद्धाच्या कारणांविषयी जगभर वाद होत आला आहे. नाटोचा पूर्वेकडील विस्तार हे युद्धाचे मूळ, असे एक पक्ष म्हणतो. रशियाची साम्राज्याकांक्षा हेच मूळ, असे दुसरा पक्ष म्हणतो. महाविद्यालयीन वर्गातही हा प्रश्न उपस्थित होतो. दोन्ही पक्ष पुरावे देतात, तरी वाद मिटत नाही. कारण ‘कारण’ हा एकच शब्द पार्श्वभूमी, निमित्त आणि निर्णय अशा तीन अर्थांनी वापरला जातो. हे तीन अर्थ वेगळे कसे करावेत, याचा विचार मावळच्या भूमीवर लढल्या गेलेल्या पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या आधारे करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

मावळातील मोहीम :

भुशी, लोणावळा, खंडाळा हा बोरघाटाच्या माथ्यावरील प्रदेश. मुंबईहून पुण्यास जाणारी वाट येथूनच वर चढते. आज भुशीचे नाव धरणामुळे व पावसाळी पर्यटनामुळे सर्वांस ठाऊक आहे. परंतु १७७८ च्या डिसेंबरात ईस्ट इंडिया कंपनीची सुमारे ३,९०० सैनिकांची फौज राघोबादादास पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी याच घाटाने वर आली होती. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट ठार झाला. मराठी लोकस्मृतीत तो ‘इष्टुर फाकडा’ म्हणून ओळखला जातो. फौज तळेगावास पोहोचली तेव्हा शत्रूस दाणावैरण मिळू नये म्हणून मराठ्यांनी ते गाव जाळून टाकले होते. इंग्रजांनी जड तोफा तळ्यात टाकून रातोरात माघार घेतली. पण वडगावला त्यांना वेढा पडला आणि १७७३ नंतर मिळविलेला मुलूख परत देण्याचा करार त्यांना करावा लागला. मुंबईकर व कलकत्तेकर इंग्रजांनी पुढे तो करार नाकारला आणि युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत लांबले.

कारणांविषयीचे तीन पक्ष :

या युद्धाच्या कारणांविषयी मुख्यतः तीन मते मांडली जातात. पहिल्या मतानुसार दोष राघोबादादांचा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, बारभाईंनी राघोबादादांस दूर सारले आणि गादीच्या लोभाने ते इंग्रजांच्या आश्रयास गेले. दुसऱ्या मतानुसार कंपनीस भयापोटी हालचाल करावी लागली. १७७४ मध्ये पोर्तुगीज साष्टी-वसई परत घेणार, अशी वार्ता होती. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच वकील पुणे दरबारी आला. तिसऱ्या मतानुसार मुंबईकर इंग्रजांना साष्टी व वसई हवी होती आणि बाकी सर्व निमित्त होते.

तिन्ही मतांत तथ्य आहे. म्हणूनच ‘सर्वच कारणे थोडीथोडी खरी’ असा समन्वय करण्याचा मोह होतो. पण असा समन्वय म्हणजे उत्तर नव्हे. त्यामुळे जबाबदारीचा प्रश्न केवळ झाकला जातो.

तीन कसोट्या :

पहिली कसोटी घटनाक्रमाची. राघोबादादांशी सुरतेचा तह झाला मार्च १७७५ मध्ये. ठाण्याचा किल्ला मात्र इंग्रजांनी त्याआधीच, डिसेंबर १७७४ च्या अखेरीस घेतला होता. तत्पूर्वीच्या वाटाघाटीत साष्टी-वसई देण्यास राघोबादादा तयार नव्हते. ज्या मित्राच्या हक्कासाठी युद्ध केल्याचे सांगितले जाते, त्याच्याशी करार होण्यापूर्वीच त्याच्या राज्याचा भाग गिळला गेला होता. फ्रेंच वकील तर त्यानंतर दोन वर्षांनी आला. त्याच्या आगमनाने १७७८ ची मोहीम काही अंशी उलगडते, १७७४ ची चढाई उलगडत नाही.

दुसरी कसोटी निवडीची. १ मार्च १७७६ च्या पुरंदरच्या तहाने युद्ध थांबविण्याचा मार्ग खुला झाला होता. मुंबईकरांनी तो मनापासून पाळला नाही. राघोबादादांस आश्रय चालूच राहिला. १७७८ मध्ये मोरोबा फडणीस यांच्या गटाने राघोबादादांस आणण्यासाठी इंग्रजांशी संधान बांधले. पण त्याच वर्षी जुलैत नाना फडणीसांनी मोरोबांना कैद केले. निमंत्रण देणारा गट मोडल्यावरही नोव्हेंबरात फौज निघाली. पुण्यातील दुहीने संधी दिली हे खरे. परंतु संधी मिळणे आणि चढाई करणे या भिन्न गोष्टी होत.

तिसरी कसोटी अखेरच्या पदरात काय पडले याची. सालबाईच्या तहात इंग्रजांनी सवाई माधवरावांस पेशवा मानले आणि राघोबादादांस दरमहा २५,००० रुपयांच्या वेतनावर सोडून दिले. साष्टी मात्र सोडली नाही. ज्याच्यासाठी लढल्याचे सांगितले तो गेला, जे मिळवायचे होते ते राहिले.

रशिया-युक्रेन युद्धाच्या संदर्भात :

याच कसोट्या विसाव्या-एकविसाव्या शतकातील घटनाक्रमास लावून पाहता येतात. १९९४ च्या बुडापेस्ट करारपत्रात युक्रेनने अण्वस्त्रे सोडली आणि रशियासह इतरांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याचे मान्य केले. २००८ मध्ये बुखारेस्ट येथे नाटोने युक्रेन भविष्यात सदस्य होईल असे जाहीर केले, परंतु मुदत दिली नाही. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया जोडून घेतला. त्याच वर्षी जॉन मिअरशायमर यांनी या संकटाचे खापर पाश्चात्त्य राष्ट्रांवर फोडणारा लेख लिहिला. जुलै २०२१ मध्ये पुतिन यांनी रशियन व युक्रेनियन हे मुळात एकच लोक आहेत असे प्रतिपादन केले.

नाटोच्या विस्ताराने रशियाच्या मनात भय निर्माण झाले, हा मुद्दा पार्श्वभूमी म्हणून दुर्लक्षिता येणार नाही. परंतु सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाने युक्रेनचे चार प्रांत आपल्यात सामील केल्याचे घोषित केले. दुसरीकडे, एप्रिल २०२३ मध्ये रशियाला लागूनच असलेला फिनलंड नाटोत आला, तेव्हा त्याच्यावर चढाई झाली नाही. साष्टीप्रमाणे येथेही, केवळ भयाने प्रदेश ताब्यात घेण्याचा उलगडा होत नाही. शिवाय ‘दोन महासत्तांचा झगडा’ असे म्हटले की युक्रेनच्या जनतेची इच्छा हिशेबातूनच गळते. पहिल्या युद्धाचे कारण राघोबादादांच्या फितुरीत शोधणाऱ्यांकडूनही कंपनीचा निर्णय असाच गळला होता.

तुलनेस मर्यादा आहेत. अठराव्या शतकात प्रदेश जिंकणे राज्यांना गैर वाटत नसे. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने बळाचा असा वापर निषिद्ध ठरविला. कंपनी ही व्यापारी संस्था होती, रशिया सार्वभौम राष्ट्र आहे. दुसरे असे की, मराठा युद्धासंबंधी उभयपक्षांची कागदपत्रे आज उपलब्ध आहेत. १८८५ मध्ये फॉरेस्ट यांनी मुंबई सरकारचे दप्तर छापले. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. सरदेसाई यांनी पेशवे दप्तराचे ४५ खंड संपादित केले. केवळ ग्रँट डफवर विसंबण्याची वेळ त्यामुळे टळली. मॉस्कोचे दप्तर अभ्यासकांस खुले होईपर्यंत हेतूंविषयीचे निष्कर्ष सावधपणेच काढावे लागतील.

निष्कर्ष :

पार्श्वभूमीमुळे युद्ध शक्य होते, निमित्तामुळे त्याचा मुहूर्त ठरतो. पण युद्ध घडते ते कोणाच्या तरी निर्णयाने. पार्श्वभूमी समजून घेणे म्हणजे निर्णयाचे समर्थन करणे नव्हे, आणि निर्णयाची जबाबदारी सांगणे म्हणजे पार्श्वभूमी नाकारणेही नव्हे. वादातील दोन्ही पक्ष ही सीमारेषा पुसतात. मावळच्या लोकस्मृतीने शत्रूचे शौर्य जपले, ‘फाकडा’ म्हणून त्यास मानही दिला. तो घाट चढून का आला, हे मात्र तिने सांगितले नाही. ते सांगण्याचे काम इतिहासाच्या अध्यापकाचे आहे. वर्गात ‘दोष कोणाचा?’ असा प्रश्न आला, तर अध्यापकाने प्रथम तारखा क्रमाने फळ्यावर मांडाव्यात, मग कोणाकडे कोणती निवड शिल्लक होती हे विचारावे आणि शेवटी कोणी काय पदरात घेतले हे पाहावे. त्यानंतर विद्यार्थ्यांनी काढलेला निष्कर्ष त्यांचा स्वतःचा असेल.