वृद्ध वाहनचालक (जपान)

उतारवयात नजर, मान, पाय आणि आकलन यांचा वेग मंदावतो. तरीही गाडी चालवावी लागणाऱ्या चालकांची सुरक्षितता हा जपानमध्ये गेली पंचवीस-तीस वर्षे सार्वजनिक चिंतेचा विषय आहे. सत्तरी ओलांडलेल्याला परवान्याच्या नूतनीकरणापूर्वी खास वर्गाला बसावे लागते, तर पंचाहत्तरीनंतर २००९ पासून स्मृती व आकलनाची चाचणीही द्यावी लागते.

१९ एप्रिल २०१९ रोजी टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका निवृत्त उच्चाधिकाऱ्याची गाडी सिग्नल तोडून पादचाऱ्यांवर गेली. ३१ वर्षांची आई आणि तिची ३ वर्षांची मुलगी मृत्युमुखी पडल्या, इतर अनेक जण जखमी झाले. गाडीतच बिघाड होता, असे चालकाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला गेला, असा निष्कर्ष काढून २०२१ मध्ये त्याला ५ वर्षांची शिक्षा दिली.

ही चूक कोणत्याही वयात होते. उतारवयात ती सावरणे अवघड जाते. रिव्हर्स घेताना धड मागे वळते, तसा उजवा पाय नकळत सरकतो. ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसल्याने सगळी भिस्त त्या एकाच पायावर असते. गाडी उसळली की घाबरलेला माणूस ‘ब्रेक’ आणखी जोरात दाबतो. रात्री अडचण वेगळी: बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही, त्यामुळे समोरच्या दिव्यांनंतर अंधारातला पादचारी उशिरा दिसतो. शिवाय हाडे ठिसूळ झालेली, म्हणून तरुण ज्या धडकेतून वाचतो तीच वृद्धाच्या जिवावर बेतते.

गाडीवर लावायचे वृद्धचालकाचे चिन्ह १९९७ मध्ये पानाच्या आकाराचे होते. लोकांना त्यात गळून पडणारे पान दिसे. त्यावर नाराजी होती. २०११ मध्ये चार पानांचे रंगीत क्लोव्हर आले.

२०२२ पासून, ठरावीक नियम मोडलेल्या पंचाहत्तरीपुढच्यांना प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवावी लागते. स्वयंचलित ब्रेकसारखी साधने असलेल्याच गाड्यांपुरता मर्यादित परवानाही तेव्हापासून मिळतो.

परवाना आपणहून परत करण्याची सोय १९९८ पासून आहे. इकेबुकुरोच्या वर्षी सुमारे ६ लाख लोकांनी तो परत केला. त्याबदली मिळणारा दाखला दाखवला की अनेक ठिकाणी बस-टॅक्सीत सवलत मिळते. शहरात ती उपयोगी पडते. डोंगराळ खेड्यांत मात्र बसफेऱ्या बंद होत चालल्या आहेत, आणि दवाखाना गाठायला नव्वदीच्या उंबरठ्यावरचे आजोबा स्वतःच स्टिअरिंग धरतात.